नोटीस कोणाला बजावायची?

पालघरची घटना आपण विसरला नसाल. नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईत जो बंद पाळला गेला, त्यावर एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, मैत्रिणीने त्या लाइक केल्या, आणि पोलिसांनी दोघींना अटक केली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ अ हे कलम तेव्हा घरोघर माहीत झाले. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले.

योगायोग असा की, त्याच मार्चमध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदेने निराळ्या वाटेने जाणारा कायदा केला. इंटरनेटवर मुलांचा छळ होतो, तेव्हा त्यासाठी स्वतंत्र आयुक्त नेमायचा. मुलाने किंवा पालकांनी आधी संकेतस्थळाकडे तक्रार करायची. ४८ तासांत मजकूर हटला नाही, तर आयुक्तांकडे यायचे. आयुक्त कंपनीला सांगणार, हे काढा. लिहिणाऱ्यालाही नोटीस देता येई, पण ती ‘मजकूर काढ, माफी माग’ एवढ्यापुरती. पहिले आयुक्त अ‍ॅलिस्टर मॅकगिबन हे पूर्वाश्रमीचे पोलीस, तरी कार्यालय पोलीस ठाणे नव्हते. मला यात मोठे शहाणपण दिसते. रडत घरी आलेल्या मुलीला कोणाला शिक्षा होण्याआधी तो फोटो दिसेनासा व्हायला हवा असतो.

२०१७ मध्ये आयुक्तांच्या पदनामातला ‘मुलांसाठी’ हा शब्द गेला, प्रौढही कक्षेत आले. २०२१ च्या कायद्याने नोटिशीची मुदत ४८ तासांवरून २४ वर आणली.

मग एप्रिल २०२४ मध्ये अडले. सिडनीच्या वेकली भागातल्या चर्चमध्ये प्रवचन थेट प्रक्षेपित होत असताना बिशपवर चाकूहल्ला झाला. त्याची चित्रफीत ‘एक्स’ने ऑस्ट्रेलियापुरती झाकली. आयुक्त ज्युली इनमन ग्रँट (या एके काळी ट्विटरमध्येच नोकरीला होत्या!) म्हणाल्या, व्हीपीएन लावून ती इथेही दिसते, तेव्हा जगभर झाका. फेडरल न्यायालयाने आधी तात्पुरता मनाई हुकूम दिला, पण १३ मे रोजी तो वाढवून देण्यास नकार दिला. इतर देशांतल्या लोकांनी काय पाहावे, हे ऑस्ट्रेलियाच्या एका कार्यालयाने ठरवावे, हे न्यायमूर्तींना पटेना. जूनमध्ये आयुक्तांनी खटला मागे घेतला.

घराच्या हद्दीत मात्र हात लांबच होत गेला. १० डिसेंबर २०२५ पासून तिथे सोळा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. कायदा मोडल्यास दंड ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत, आणि तो कंपनीला. मुलाला नाही, आईबापांनाही नाही.