पूल नसलेला खांब

गेल्या सप्टेंबरच्या शेवटी आई-बाबा पंधरा दिवस माझ्याकडे पॅरिसला आले होते. आईची यादी पुण्यातच तयार झाली होती. त्यात सगळ्यात वर लिहिलेलं: संध्याकाळी सीन नदीतून बोट आणि रात्री आयफेल टॉवर. बाबांची यादीच नव्हती. "तुम्ही ठरवाल ते," एवढंच.

बाबा जानेवारीत रिटायर झाले. छत्तीस वर्षं रेल्वेच्या पुलांवर सुपरवायझर. गर्डर, रिव्हेट, गंज, रंग, पावसाळ्यात रात्री-अपरात्री पाण्याची पातळी बघायला जाणं, हे त्यांचं आयुष्य. रिटायर झाल्यापासून पेपर तीन-तीनदा वाचतात, असं आई फोनवर सांगायची. त्यात इथे यायच्या आधीच्याच महिन्यात एक जुना पूल उतरवला गेला. तरुणपणी चार वर्षं तो त्यांच्याकडे होता. शेजारी नवा झाला होता, त्यामुळे जुन्याचं लोखंड वजनावर विकलं गेलं. "चांगला होता," एवढं म्हणाले आणि विषय संपला.

तर आम्ही सात वाजता आल्मा पुलापाशी बोटीत बसलो. या बोटींना 'बातो मूश' म्हणतात. फ्रेंचमध्ये मूश म्हणजे माशी. मला वाटायचं, नदीवर माशीसारख्या भिरभिरतात म्हणून हे नाव. तसं नाही. लिआँ शहरात मूश नावाचा भाग आहे, तिथल्या कारखान्यात या बोटी बनायच्या. १८६७ च्या जागतिक प्रदर्शनासाठी त्या पॅरिसला आणल्या आणि लोक त्यातून बसने फिरावं तसे फिरायला लागले. १९०० मध्ये मेट्रो आली आणि बोटींचे दिवस फिरले. मग दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ मध्ये, ज्याँ ब्रुएल नावाच्या गृहस्थाने पर्यटकांसाठी बोटींची कंपनी काढली. हा भलताच खट्याळ माणूस. त्याने १ एप्रिल १९५३ ला 'ज्याँ-सेबास्तिआँ मूश' या थोर संस्थापकाच्या पुतळ्याचं अनावरण केलं. पाहुणे आले, भाषणं झाली. असा कोणी संस्थापक कधी जन्मालाच आलेला नव्हता. तारीख बघा म्हणजे कळेल :-)

आई हसली. बाबा पुलाखाली बघत होते. आल्मा पुलाच्या खांबाशी एका सैनिकाचा दगडी पुतळा आहे, त्याला झुआव्ह म्हणतात. सीनला पूर आला की पॅरिसकर आधी या झुआव्हकडे बघतात. पाणी पावलांना लागलं की सावध व्हायचं. जानेवारी १९१० च्या पुरात पाणी त्याच्या खांद्यापर्यंत गेलं होतं. (आजचा पूल १९७० च्या दशकात नव्याने बांधला, त्यात पुतळ्याची जागा बदलली, त्यामुळे जुनं माप आता तसंच लागू पडत नाही.) बाबांचा चेहरा पहिल्यांदा जरा खुलला. "आमच्याकडे खांबावर पट्टे रंगवतात. इथे माणूसच उभा केलाय."

बोटीवर कॉमेंट्री बऱ्याच भाषांत चालू होती, मराठी सोडून. पण मी आधीचे दोन वीकेंड वाचनात घातले होते, म्हणून गाईडचं काम माझ्याकडे. अलेक्झांडर तिसरा पूल आला, सोनेरी घोड्यांचा. १९०० च्या प्रदर्शनासाठी बांधलेला. त्याच्या बाजूचं काचेच्या छताचं ग्रां पॅले, तेही त्याच प्रदर्शनासाठी. पुढे उजव्या हाताला ओर्से म्युझियम. हे मुळात रेल्वे स्टेशन, तेही १९०० चंच. गाड्या लांब झाल्या आणि फलाट आखूड पडायला लागले, म्हणून १९३९ पर्यंत लांब पल्ल्याच्या गाड्या बंद झाल्या. १९७० च्या सुमारास पाडायचं घाटत होतं. वाचलं, आणि १९८६ मध्ये तिथे म्युझियम उघडलं.

"म्हणजे स्टेशनला दुसरं काम मिळालं," बाबा म्हणाले.

नोत्र दाम आलं तेव्हा आईने हात जोडले. तिला देऊळ कुठलंही चालतं. बोट बेटाला वळसा घालून परत फिरली तोवर अंधारायला लागलं होतं. आल्मा पुलाच्या पुढे एक पायी चालायचा लोखंडी पूल आहे, दबिली नावाचा. हासुद्धा १९०० च्या प्रदर्शनापुरता, तात्पुरता उभा केलेला. अजून आहे. मला आमच्या प्रोजेक्टमधली एक स्क्रिप्ट आठवली. मीच सहा वर्षांपूर्वी 'फक्त या रिलीजपुरती' म्हणून लिहिलेली. आज तिला हात लावायची कोणाची हिंमत नाही. असो.

आणि मग डावीकडे टॉवर. नुकते दिवे लागले होते. बोटीतले सगळे फोन वर झाले. बाबा रेलिंगला धरून बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "अरे, हा टॉवर कुठे आहे? हा तर पुलाचा खांब आहे. वरून पूल काढून घेतलाय फक्त."

मी उडालोच. कारण इतिहासात अगदी तसंच घडलंय. गुस्ताव आयफेलची कंपनी मुळात रेल्वेचे पूल बांधायची. खोल दरीत उंच, जाळीदार, खाली रुंद आणि वर निमुळते लोखंडी खांब ही त्यांची खासियत. पोर्तुगालमधला मारिया पिआ पूल (१८७७) आणि फ्रान्समधला गाराबीचा पूल (१८८४) त्यांचेच. जून १८८४ मध्ये कंपनीतल्या मॉरिस केक्लँ आणि एमिल नुगिए या दोन इंजिनिअरांच्या डोक्यात आलं की असे चार खांब वर एकत्र आणले तर ३०० मीटर उंच जाता येईल. केक्लँने स्केच काढलं. साहेबांना, म्हणजे आयफेलना, त्यात विशेष रस वाटला नाही. मग सोव्हेस्त्र या आर्किटेक्टने खाली कमानी वगैरे देऊन ते जरा देखणं केलं, तेव्हा साहेबांचं मन वळलं. सप्टेंबरात पेटंट निघालं तिघांच्या नावावर, आणि नंतर आयफेलनी दोघांचे हक्क विकत घेतले. टॉवरला कोणाचं नाव लागलं ते आपण बघतोच. ज्युनिअरने डिझाईन करायचं आणि डेमो मॅनेजरने द्यायचा, ही रीत आपल्या इंडस्ट्रीने शोधलेली नाही, एवढं कळलं तरी बरं वाटतं. पण आयफेलवर अन्याय नको. पैसा उभा करणं, जोखीम अंगावर घेणं, शिव्या खाणं हे सगळं त्यांनीच केलं.

बोटीतून उतरून आम्ही टॉवरखाली रांगेत लागलो. नऊ वाजता सगळा टॉवर चमचम करायला लागला, दर तासाला पाच मिनिटं, वीस हजार दिवे. आई टाळ्या वाजवत होती. बाबा पायाकडे बघत होते. "नदी एवढी जवळ. पाया कसा घेतला असेल?" नदीकडच्या दोन पायांसाठी लोखंडी पेट्या जमिनीत उतरवून, आत दाबाची हवा भरून पाणी बाहेर ठेवलं आणि आत माणसांनी खोदलं, असं मी वाचलेलं सांगितलं. "आमच्याकडे विहिरी उतरवतात," बाबा म्हणाले. पुढचा अर्धा तास रांग कशी सरकली ते कळलंच नाही.

सांगण्यासारखं होतंही पुष्कळ. १८,०३८ लोखंडी तुकडे, २५ लाख रिव्हेट, दोन वर्षं दोन महिने आणि पाच दिवस. प्रत्येक भोक कारखान्यातच पाडलेलं. साइटवर तुकडा बसला नाही तर तिथे कानशीने घासाघीस करायची नाही, परत कारखान्यात पाठवायचा. चार तिरपे पाय पहिल्या मजल्यावर नेमके जुळायला हवेत, म्हणून पायांखाली हायड्रॉलिक जॅक आणि आधाराच्या मचाणांवर वाळूच्या पेट्या. उचलायचं असेल तर जॅक, खाली आणायचं असेल तर थोडी वाळू सोडायची. एकेका रिव्हेटला चार माणसं: एक तापवणारा, एक धरणारा, एक डोकं घडवणारा, एक घण मारणारा. बाबांनी हे चारही जण मला तिथल्या तिथे करून दाखवले. मागचं जपानी जोडपं अदबीने दोन पावलं मागे सरकलं.

पहिल्या मजल्याच्या खाली चारी बाजूंनी ७२ नावं सोनेरी अक्षरांत आहेत. शास्त्रज्ञ, गणिती, इंजिनिअर. फूरिए, लाप्लास, अँपिअर, कूलाँ... माझी इंजिनिअरिंगची पहिली दोन वर्षं तिथे ओळीने लटकवली होती. आईने विचारलं, "एकही बाई नाही?" नाही. सोफी जर्मेंने स्थितिस्थापकतेच्या गणितावर पायाभूत काम केलं होतं, असं लोखंड वाऱ्यात किती वाकेल याच्याशी त्या गणिताचा थेट संबंध. तरी तिचं नाव नाही. हल्ली बायकांची नावं घालायचा प्रस्ताव पुढे आला आहे.

लिफ्टमध्ये बाबांनी खरा प्रश्न विचारला. "पण हा ठेवला कसा? याचं काम काय?"

करार झाला जानेवारी १८८७ मध्ये. सरकारने १५ लाख फ्रँक दिले, खर्चाच्या चौथ्या हिश्श्याहून कमी. बाकीचे आयफेलनी उभे करायचे आणि १ जानेवारी १८९० पासून वीस वर्षं तिकिटांचं उत्पन्न घ्यायचं. नंतर टॉवर पॅरिस शहराचा. शहराला वाटलं तर पाडून टाकायला मोकळं. पाया घालायला सुरुवात होऊन महिना व्हायच्या आत मोपासाँ, संगीतकार गुनो, ऑपेरा बांधणारे गार्निए अशा मोठमोठ्या मंडळींनी वर्तमानपत्रात निषेध छापला. कुरूप म्हणाले ते एक वेळ चालेल, पण निरुपयोगीही म्हणाले, आणि त्यात तथ्य होतं. १८८९ च्या प्रदर्शनात जवळजवळ वीस लाख लोक वर गेले. १९०० च्या प्रदर्शनात त्याच्या साधारण निम्मे. मध्ये तर शुकशुकाट. नवलाई संपली होती.

त्यातच १८९३ मध्ये आयफेल पनामा कालव्याच्या घोटाळ्यात अडकले. कालव्याच्या दरवाजांचं कंत्राट त्यांच्याकडे होतं. दोन वर्षांची कैद आणि दंड अशी शिक्षा झाली. वरच्या कोर्टाने ती मुदतीच्या मुद्द्यावर रद्द केली, पण नाव जायचं ते गेलंच. ते धंद्यातून बाहेर पडले.

"वय किती होतं तेव्हा?" बाबांनी विचारलं.

"साठ."

बाबा काही बोलले नाहीत.

पुढची तीस वर्षं या माणसाने टॉवरला कामाला लावलं. वर हवामानाच्या नोंदी सुरुवातीपासूनच चालू होत्या. १८९१ मध्ये टॉवरच्या उंचीचा पाऱ्याचा दाबमापक बसवला होता. १९०३ पासून दुसऱ्या मजल्यावरून, ११५ मीटरवरून, तारेला धरून वेगवेगळ्या आकारांच्या वस्तू खाली सोडून हवेचा विरोध मोजला. १९०९ मध्ये टॉवरच्या पायथ्याशी वाऱ्याचा बोगदा बांधला आणि त्यात विमानांचे पंख तपासले. माणसाला उडायला लागून सहा वर्षं झाली होती आणि आयफेल शहात्तर वर्षांचे होते.

पण टॉवर वाचला तो बिनतारीमुळे. १८९८ मध्ये इथून चार किलोमीटरवरच्या पाँतेआँपर्यंत बिनतारी संदेश गेला होता. १९०३ मध्ये आयफेलनी लष्कराला सांगितलं, टॉवर वापरा, खर्च माझा. लष्कराला त्यात फार दम वाटत नव्हता, पण गुस्ताव फेरिए या कॅप्टनला वाटत होता. त्याने टॉवरवरून तारा ताणल्या आणि पल्ला वाढवत वाढवत हजारो किलोमीटरवर नेला. आता एवढी उंच अँटेना पाडणार कोण? १ जानेवारी १९१० पासून करार आणखी सत्तर वर्षांसाठी वाढला. १९१४ मध्ये मार्नच्या लढाईच्या वेळी इथूनच जर्मन संदेश पकडले गेले. रेडिओ आणि टीव्हीचं प्रक्षेपण आजही इथून होतं. २०२२ मध्ये नवी अँटेना बसली आणि उंची ३३० मीटर झाली.

अगदी वर आयफेलची छोटी खोली आहे. आत मेणाचे पुतळे: आयफेल, त्यांची मुलगी क्लेअर आणि भेटीला आलेले एडिसन. आईला वाऱ्याने थंडी वाजत होती. मी बाबांना दुसऱ्या टोकाचा अंधार दाखवला. १८८९ च्या प्रदर्शनात टॉवरच्या समोर, मैदानाच्या त्या टोकाला यंत्रांचं दालन होतं. लोखंडी कमानींचं, ११० मीटरपेक्षा जास्त रुंद गाळा आणि मध्ये एकही खांब नाही. अनेक जाणकारांच्या मते टॉवरपेक्षाही मोठी कामगिरी. त्याला कोणी काम शोधलं नाही. टॉवरची मुदत वाढली त्याच वर्षी, १९१० मध्ये, ते पाडून झालं.

"वजनावर?" बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आईची शॉपिंग ठरली होती. बाबा सकाळीच बूट घालून बसले होते. "आधी तिकडे जाऊ."

तिथे बघण्यासारखं काही नाही. मोकळी जागा, समोर लष्करी शाळेची इमारत, कुत्री फिरवणारे लोक. २०२१ मध्ये इथे एक तात्पुरतं प्रदर्शनगृह उभारलं होतं, २०२४ च्या ऑलिंपिकची कुस्ती आणि ज्युदो त्यात झाले आणि मग तेही काढलं. बाबांनी शाळेकडच्या टोकाला पाठ केली आणि टॉवरकडे तोंड करून पावलं मोजत निघाले. आई बाकावरून ओरडली, "अहो, किती चालणार?" त्यांनी हात वर करून तिला थांबवलं, मोजणी चुकू नये म्हणून. दीडशेच्या आसपास थांबले, मागे वळून पाहिलं आणि बुटाची टाच जमिनीवर दोनदा आपटली.

"दुसरा पाया इथे आला असता," ते म्हणाले. "फोटो काढ."