फराक्का बंधारा: पाण्याची वाटणी आणि हिल्साची वाट

कोलकाता बंदर गाळाने भरत चालले होते. गंगेचे पाणी भागीरथी-हुगळीत वळवून तो गाळ वाहून जावा, यासाठी पश्चिम बंगालमध्ये फराक्का येथे बंधारा बांधला गेला. तो १९७५ मध्ये सुरू झाला. जोडकालव्याची क्षमता ४०,००० क्युसेक.

अंडी घालण्यासाठी समुद्रातून नदीत चढणारा हिल्सा मासा पूर्वी अलाहाबादपर्यंत आणि त्याही पलीकडे जात असे. बंधाऱ्यानंतर वरच्या गंगेत तो दुर्मीळ झाला. बंधाऱ्यात माशांना वर जाण्यासाठी फिश लॉक ठेवलेले होते, म्हणजे अडचण अभियंत्यांना ठाऊक नव्हती असे नाही. पण त्यांनी हिल्साचा प्रवास टिकला नाही.

१९९६ च्या भारत-बांगलादेश करारात पाण्याचा हिशेब दहा-दहा दिवसांचा आहे: १ जानेवारी ते ३१ मे, आणि प्रवाह ७०,००० क्युसेक किंवा कमी असल्यास निम्मे-निम्मे. हिल्साची मुख्य चढण मात्र पावसाळ्यात होते, जेव्हा गंगेला पाण्याची टंचाई नसते. त्यामुळे ‘बंदर की मासा’ ही मांडणी मला घाईची वाटते. अडथळा पाण्याच्या वाट्यापेक्षा दारांचा अधिक आहे.

२०१९ मध्ये सरकारने जाहीर केले, की फराक्काच्या नव्या नौकानयन लॉकचे दार हिल्साच्या हंगामात पहाटे १ ते ५ या वेळेत आठ मीटर उघडे ठेवले जाईल. हा मार्ग हुगळीतून कालव्याने येणाऱ्या माशांचा. पद्मेतून चढणाऱ्या हिल्सासमोर मुख्य बंधारा तसाच उभा आहे.