खडीच्या वाटेवरची सायकल

१९७२ च्या दुष्काळानं आमच्या गावाला रस्ता दिला. आईनं त्याच कामावर खडी फोडली. डांबर मात्र पुढं कैक वर्षं आलं नाही.

१९७६ ला मी आठवीत गेलो. शाळा नऊ किलोमीटरवर. पाच खडीचे, चार डांबरी. सायकल नाही तर शाळा बंद. दादांनी शेळी विकली.

माझा जीव लाल, बारीक टायरच्या सायकलीवर. दुकानदार म्हणाला, "डांबरावर पळंल, पण खडीत रिम वाकंल." दादांनी काळी घेतली. २८ इंची चाकं, दीड इंची टायर, दांड्याचे ब्रेक, मागं दणकट कॅरेज. "दूध बी न्यायचंय, लेका." मी तोंड पाडलं.

पण मोठं चाक दगडावरून अलगद चढायचं, जाड टायर हादरे गिळायचा. पावसात रिम भिजली की ब्रेक धरत नसत. मग पाय घासत थांबायचं. त्याच सायकलीवर मी मॅट्रिक झालो.

निकाल आणायला निघालो तेव्हा आई पहिल्यांदाच कॅरेजवर बसली. ओढ्याजवळ म्हणाली, "हळू घे रं. हितली खडी माझ्या हातची हाय."