एक गोष्ट, दोन चित्रपट

‘शेजारी’ पाहिला म्हणजे ‘पडोसी’ पाहिला, असं आपल्याकडे सर्रास धरून चालतात. ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’, ‘माणूस’ आणि ‘आदमी’ या जोड्यांचंही तेच. एक मूळ, दुसरं त्याचं हिंदी भाषांतर. मूळ पाहिलं की काम झालं. मीही बरीच वर्षं असंच मानत होतो. मग एकदा या जोड्या पाठोपाठ पाहिल्या आणि माझं मत पार बदललं. गोष्ट तीच, दिग्दर्शक तोच, सेटसुद्धा तोच; तरी हाती येतात ते दोन वेगळे चित्रपट. त्यांतला एक न पाहणं म्हणजे त्या कलाकृतीचा अर्धा भाग न पाहणं. ही जुळी आवृत्ती आली कुठून, रुजली कशी आणि संपली का, याचा हा मागोवा.

सुरुवात मूकपटापासून करायला हवी, कारण तेव्हा हा प्रश्नच नव्हता. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावात कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. मूकपटात पात्रांचं बोलणं पाट्यांवर येई आणि पाटी बदलली की भाषा बदले. चित्र सगळ्या देशाचं, अक्षरं ज्या त्या प्रांताची. तरी आवृत्तीचा घोळ तिथेही आहेच. फाळक्यांनी १९१७ मध्ये हाच विषय पुन्हा चित्रित केला. आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्या हरिश्चंद्राचा जो थोडा भाग उरला आहे, तो १९१३ चा की १९१७ चा, यावर अभ्यासकांत वाद आहे आणि अनेकांचा कौल १९१७ च्या बाजूने आहे. म्हणजे भारतीय चित्रपटाची पहिली पायरी म्हणून आपण जी दृश्यं दाखवतो, ती बहुधा दुसऱ्या आवृत्तीतली आहेत. आपल्याकडे आवृत्त्यांचा हिशेब पहिल्या चित्रपटापासूनच ढिला आहे.

चित्रपट बोलू लागला आणि पाटी बदलून भागेना. सुरुवातीच्या बोलपटांत आवाज चित्रीकरणाच्या वेळीच टिपावा लागे. नट बोलत, गात, वादक झाडाआड किंवा सेटमागे बसून साथ देत आणि ते सगळं एकदमच नोंदलं जाई. एका भाषेतला आवाज पुसून त्या जागी दुसरा नीट बसवण्याचं तंत्र अजून हाती आलं नव्हतं. मग परभाषकांना चित्रपट दाखवायचा कसा? उपाय एकच होता: तो पुन्हा काढायचा.

हे साऱ्या जगात घडलं. पॅरामाउंट कंपनीने पॅरिसजवळ जॉइनव्हिल इथे स्टुडिओ थाटून एकाच गोष्टीच्या अनेक युरोपीय भाषांतल्या आवृत्त्या काढल्या. १९३० चा ‘ब्लू एंजल’ बर्लिनजवळ जर्मन आणि इंग्रजीत एकाच वेळी चित्रित झाला. एमिल यानिंग्स आणि मार्लेन डीट्रिश दोन्हींत होते. हॉलिवूडमध्ये १९३१ चा ‘ड्रॅक्युला’ दिवसा इंग्रजीत चित्रित होई आणि रात्री त्याच सेटवर दुसरा दिग्दर्शक, दुसरे नट घेऊन स्पॅनिशमध्ये. इंग्रजी चित्रपट सव्वा तासाचा, स्पॅनिश त्याहून जवळजवळ अर्धा तास मोठा. स्पॅनिशमधला कॅमेरा जास्त मोकळा फिरतो, असं अनेक जाणकार म्हणतात आणि मला ते पटतं. रात्रपाळीत काढलेली ही आवृत्ती मूळ चित्रपटाला भारी पडावी, यातच या साऱ्या प्रकाराचं मर्म आहे. डबिंग सुधारलं आणि पश्चिमेकडे काही वर्षांतच ही पद्धत मागे पडली. आपल्याकडे मात्र ती रुजली, टिकली आणि तिच्यातून मोठी कामं झाली.

त्याला कारण भूगोल आणि पैसा. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. पुढच्याच वर्षी, ६ फेब्रुवारी १९३२ रोजी, त्याच मॅजेस्टिकमध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. तेव्हा प्रभात कोल्हापुरात होती. १९२९ मध्ये शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांनी काढलेली ही कंपनी. मराठी प्रेक्षक तिचा हक्काचा होता, पण एवढ्या एका भाषेच्या उत्पन्नावर मोठा स्टुडिओ चालणं अवघड. म्हणून ‘अयोध्या का राजा’ही काढला. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र, दुर्गाबाई खोटे तारामती. फाळक्यांच्या मूकपटात तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषाने केलं होतं. एकोणीस वर्षांत तारामती बाई झाली, बोलू लागली आणि दोन भाषांत बोलू लागली.

१९३३ मध्ये प्रभात पुण्याला आली आणि ही रीत पक्की झाली. सेट तोच, दिवे तेच. एका भाषेतला शॉट मनासारखा झाला की तोच दुसऱ्या भाषेत. ज्या नटाला दोन्ही भाषा झेपतील तो कायम, ज्याला झेपणार नाहीत त्याच्या जागी दुसरा. हिंदी संवाद आणि गीतांसाठी मुन्शी अझीजांसारखे लेखक होते. नट बदलला की चित्रपट कसा बदलतो, याचा दाखला ‘अमृतमंथन’मध्ये मिळतो. साल १९३४. मराठीत राजगुरू केशवराव दाते, हिंदीत चंद्रमोहन. दाते रंगभूमीवर मुरलेले, शब्दाला वजन देणारे नट. चंद्रमोहनची ताकद त्याच्या त्या विलक्षण मोठ्या, पाणीदार डोळ्यांत. दिग्दर्शक शांतारामांनी ते डोळे पडदाभर दाखवले आणि हिंदी चित्रपटाला कायमची ओळख मिळाली. एकाच राजगुरूची सत्ता एकाच्या वाणीत आणि दुसऱ्याच्या नजरेत वसली.

याच काळात कलकत्त्यात न्यू थिएटर्सही याच वाटेने निघालं होतं. १९३५ चा ‘देवदास’ बंगालीत आणि हिंदीत निघाला. बंगालीत दिग्दर्शक प्रमथेश बरुआ स्वतःच देवदास, हिंदीत कुंदनलाल सैगल. सैगलच्या गळ्याने हिंदी देवदास देशभर पोहोचला आणि बंगाली देवदास त्याच्या सावलीत गेला. हिंदी आवृत्तीचा कॅमेरा बिमल रॉय यांच्या हाती होता. वीस वर्षांनी त्यांनीच दिलीपकुमारला घेऊन नवा ‘देवदास’ केला. पार्श्वगायन हिंदीत रुळलं तेही न्यू थिएटर्सच्या १९३५ मधल्या जोडीतून, बंगाली ‘भाग्यचक्र’ आणि हिंदी ‘धूप छाँव’मधून. गाणाऱ्याचा आवाज नटापासून सुटला तो तिथे. जुळ्या चित्रपटांच्या शेवटाचं बीज असं एका जुळ्या चित्रपटातच पडलं होतं.

आता मूळ मुद्द्याकडे. १९३७ चा ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’. दोन्ही ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लावलेलं लग्न मानायला एक तरुण मुलगी नकार देते. शांता आपटे आणि केशवराव दाते दोन्हींत आहेत. मराठीत ती नीरा, हिंदीत निर्मला. पार्श्वसंगीत दोन्हींत नाही. घड्याळाची टिकटिक, घरातले, रस्त्यावरचे आवाज, आणि गाणं येतं ते प्रसंगातूनच. इतकं सारखं असूनही नावांनी दोन्ही चित्रपटांना वेगळी दिशा दिली आहे. ‘कुंकू’ हे नाव नजर एका कपाळावर आणते. ते कोणी लावायचं, कोणाच्या नावाने लावायचं आणि पुसायचा अधिकार कोणाचा, हा मराठी चित्रपटाचा प्रश्न होतो. ‘दुनिया न माने’ हे नाव भांडण जगाशी मांडतं. गंमत अशी की कादंबरीच्या नावाला जवळचं नाव हिंदीचं आहे: न पटणारी, म्हणजे जगाला न मानवणारी.

याहून महत्त्वाची गोष्ट पात्रयोजनेत आहे. म्हाताऱ्याच्या सुधारक मुलीचं काम शकुंतला परांजपे यांनी केलं. रँग्लर परांजप्यांची कन्या, केंब्रिजला शिकलेली, पुढे संततिनियमनाच्या कामाला वाहून घेतलेली बाई. १९३७ च्या पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला ही नटी कोण हे ठाऊक होतं. पडद्यावरची सुधारक मुलगी त्याला शहरातली खरीखुरी व्यक्ती म्हणून दिसत होती. लाहोरच्या किंवा लखनौच्या प्रेक्षकाला ती फक्त एक पात्र होती. म्हणून माझं मत ठाम आहे: या जोडीत ‘कुंकू’ श्रेष्ठ. त्यात नटीचं खरं आयुष्य चित्रपटात उतरलं आहे.

‘माणूस’ आणि ‘आदमी’ १९३९ चे. पोलीस शिपाई आणि वेश्या यांची गोष्ट. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर दोन्हींत. मराठीत शिपायाचं नाव गणपत, हिंदीत मोती. ती मराठीत मैना, हिंदीत केसर. गणपत म्हटलं की मराठी प्रेक्षकाला आणखी काही सांगावं लागत नाही. गावाकडून आलेला, घरी आई, नोकरीची इभ्रत, पाठीशी कुळाचार. मोती या नावाला गाव नाही. त्यामुळे ‘आदमी’ बोधकथेकडे झुकतो आणि ‘माणूस’ मुंबईच्या एका गल्लीत पाय रोवून उभा राहतो. मैनेच्या अनेक भाषांतल्या गाण्यात शहरातली सगळी गिऱ्हाइकं एका खोलीत येतात. ते गाणं दोन्हीकडे रंगतं, कारण ते मुळातच एका भाषेचं नाही.

इथवर मी मराठीच्याच बाजूने बोललो. पण ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’ समोर आले की माझा कौल फिरतो. साल १९४१. मुस्लिम लीगचा लाहोरचा ठराव आदल्याच वर्षीचा. गावात एक हिंदू आणि एक मुसलमान, जन्माचे शेजारी. धरणाच्या कामापायी त्यांच्यात वैर पेरलं जातं आणि धरण फुटतं तेव्हा दोघे एकत्र मरतात. कथा विश्राम बेडेकरांची. मराठीत जिवबा केशवराव दाते, मिर्झा गजानन जागीरदार. दोघांचीही कामं उत्तम, विशेषतः जागीरदारांचं. हिंदीतही मिर्झा जागीरदारच आहेत. पण हिंदीतला ठाकूर आहे मजहर खान.

म्हणजे हिंदीत हिंदूचं काम मुसलमान नटाने केलं आणि मुसलमानाचं काम हिंदू नटाने. शांतारामांनी हे जाणूनबुजून केलं होतं. ‘शेजारी’त दोन हिंदू नट ही गोष्ट सांगतात, ‘पडोसी’त ती सांगण्याच्या कृतीतच तिचा अर्थ उतरतो. एकाने दुसऱ्याचा वेश घालायचा, दुसऱ्याच्या तोंडची भाषा बोलायची, दुसऱ्यासारखं मरायचं. देश फुटायला सहा वर्षं उरली असताना काढलेला हा चित्रपट ज्या उंचीवर जातो, तिथे ‘शेजारी’ पोहोचत नाही. आणि तरीही ‘शेजारी’ला मूळ आणि ‘पडोसी’ला नक्कल म्हणण्याची आपली सवय जात नाही. मला ही सवय अन्यायाची वाटते.

पुढच्याच वर्षी शांतारामांनी प्रभात सोडली. जुळ्या चित्रपटांची रीत लगेच संपली नाही. १९४४ चा ‘रामशास्त्री’ही दोन्ही भाषांत आला. पण पाया ढासळत होता. पार्श्वगायनाने गाणं सुटं झालं, डबिंगने संवाद सुटे झाले आणि पगारी नटांचे स्टुडिओ जाऊन त्या जागी मानधनावर फिरणारे तारे आले. १९५३ मध्ये प्रभात बंद पडली. १९६० मध्ये तिच्याच जागेत चित्रपट प्रशिक्षण संस्था उभी राहिली. एकाच सेटवर दोन चित्रपट काढणं आता परवडणारं नव्हतं आणि त्याची गरजही राहिली नव्हती.

शांतारामांनी मात्र ती वाट सोडली नाही. १९७२ चा ‘पिंजरा’ मराठीत आला, मग हिंदीत. तमासगिरिणीपायी उद्ध्वस्त होणाऱ्या मास्तरच्या या कथेमागे ‘ब्लू एंजल’ आहे, आणि तो ‘ब्लू एंजल’ स्वतः दोन भाषांत जन्मलेला. पण मराठी ‘पिंजरा’ आजही गावोगाव आठवतात, हिंदी फार कमी जणांना ठाऊक आहे. लावणीचा, फडाचा, मास्तर या शब्दातल्या मानाचा सारा अर्थ मराठी मातीतला आहे, तो दुसऱ्या भाषेत जसाच्या तसा नेता येत नाही. आता जुळ्यांची जागा रिमेकने घेतली आहे. ‘सैराट’वरून ‘धडक’ झाला तेव्हा नट, दिग्दर्शक, गाव, सगळंच बदललं. कानडी रिमेकमध्ये मात्र रिंकू राजगुरूनेच पुन्हा नायिकेचं काम केलं. जुन्या रीतीची तेवढीच एक खूण.

जतनाच्या बाबतीतही जुळ्यांना जुळ्यांसारखं वागवलं गेलं नाही. जुन्या नायट्रेट फिल्मला आगीचं भय कायमचं. २००३ च्या जानेवारीत पुण्यात अशा फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि अमूल्य रिळं जळाली. बंगाली ‘देवदास’ची भारतात प्रत उरली नाही, त्याची खराब झालेली प्रत बांगलादेशाच्या संग्रहात आहे. सावलीत गेलेली आवृत्ती आधी मरते, कारण ती वाचवण्याची घाई कोणाला नसते.

म्हणून माझं मागणं साधं आहे. यादी करणाऱ्यांनी ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’ दोन ओळींत लिहावेत. चित्रपट मंडळांनी या जोड्या एकाच दिवशी, पाठोपाठ दाखवाव्यात. दुरुस्तीसाठी निधी मिळेल तेव्हा दोन्ही रिळं एकत्र बाहेर काढावीत. आणि वाचकहो, तुम्ही ‘शेजारी’ पाहिला असेल, तर ‘पडोसी’ अजून पाहायचा राहिला आहे. तो आधी पाहा.