तळटीप ३ : लाल ठिपका

३. लाल ठिपका : बंदुकीवर बसवायचे, बॅटरीवर चालणारे नेम धरण्याचे भिंग; त्यात लाल ठिपका दिसतो. स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने असे पहिले इलेक्ट्रॉनिक साधन १९७५मध्ये आणले. टर्कीच्या शिकारीत ते का उपयोगी पडते, तर अमेरिकेत वसंतात रानटर्कीच्या नराची शिकार मुख्यतः छऱ्यांच्या बंदुकीने करतात. नेम डोक्यामानेवर धरायचा असतो. छरे एकवटून जावेत म्हणून नळीचे तोंड आवळलेले असते. त्यामुळे जवळूनही नेम जरासा ढळला, तर पक्षी जखमी होऊन तडफडतो. नळीच्या टोकावरच्या साध्या मण्याने नेम धरताना गाल दस्त्यावरून उचलला गेला, की छरे वरून जातात. ठिपका मात्र डोके किंचित हलले तरी लक्ष्यावरच राहतो. या भिंगातून पक्षी मोठा दिसत नाही. म्हणून दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात.