कोटातले कंपनीचे चर्च

चर्चगेट स्टेशनाबाहेर उभे राहून त्या नावातले चर्च शोधू गेले तर ते दिसत नाही. ते आहे वीर नरिमन रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला, हॉर्निमन सर्कलपाशी. मुंबईच्या कोटाच्या ज्या दरवाजातून सेंट थॉमस चर्चकडे सरळ जाता येई, तो चर्च गेट. १८६०च्या दशकात कोट पाडला, दरवाजाही गेला आणि नाव तेवढे स्टेशनाला चिकटून राहिले. शहरातून बाहेर जाणाऱ्या रस्त्यांवरचे मैलाचे दगडही याच चर्चपासूनचे अंतर सांगत. वस्तीच्या मधोमध असे ठाण मांडून बसलेले प्रार्थनास्थळ पाहिले की राज्याबरोबर इंग्रजांनी आपला धर्मही जोमाने आणला असावा, असा समज सहज होतो. पण या चर्चचा इतिहास नेमका उलटी साक्ष देतो. ते उभे राहिले व्यापारी कोठीच्या सवडीने, कोठीच्या हिशेबाने, आणि कोठीतल्याच माणसांसाठी.

पहिला पुरावा आहे तो दिरंगाईचा. १६६८ मध्ये मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आले तेव्हा माहीम-वांद्र्याला पोर्तुगीजांची चर्चे आधीपासून होती. इंग्रजांची प्रार्थना मात्र किल्ल्यातल्या खोल्यांत चाले. गव्हर्नर जेराल्ड ऑंजियरने चर्चचे काम काढले, पण १६७७ मध्ये तो सुरतेला वारला आणि काम थांबले. अर्ध्यावर आलेल्या भिंती जवळजवळ चाळीस वर्षे तशाच उभ्या राहिल्या. या काळात कंपनीवर संकटे आली हे खरे. १६८९ मध्ये सिद्दीने बेटात उतरून किल्ल्याला वेढा घातला होता. तरी वखारी चालल्या, जहाजे भरली, किल्ल्याची डागडुजी झाली. अडले ते फक्त देवाचे काम. १७१४ साली रिचर्ड कॉब हा पाद्री आला आणि त्याने वर्गणी जमवण्याचा तगादा लावला, तेव्हा कुठे १७१८च्या नाताळात चर्च उघडले. आत बसायच्या जागा हुद्द्याप्रमाणे ठरलेल्या होत्या; खालच्या दर्जाच्या बायकांसाठी वेगळी जागा, आणि तीही त्याच नावाने नोंदलेली! कचेरीतली उतरंड रविवारी जशीच्या तशी चर्चमध्ये येऊन बसे.

उद्घाटनाच्या दिवशी बाहेर थांबून सगळा सोहळा पाहणाऱ्यांत रामा कामाठी आपल्या जातभाईंसह हजर होता, असे कॉबनेच लिहून ठेवले आहे. हा कंपनीच्या विश्वासातला धनिक. वाळकेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार त्याच्याच नावावर सांगतात. कंपनीची भरभराट ती आपली भरभराट, हे ओळखून असलेल्या माणसाने तिच्या चर्चच्या दाराशी उभे राहावे यात नवल नाही. त्याच वर्षी गव्हर्नर चार्ल्स बूनची खांदेरीवरची मोहीम कान्होजी आंग्र्यांपुढे फसली होती. १७२०मध्ये आंग्र्यांशी संधान बांधल्याचा आरोप ठेवून कामाठीवर खटला चालवला गेला. मालमत्ता जप्त झाली आणि तो तुरुंगातच मेला. ज्या पत्रावर खटला उभा होता ते बनावट होते, हे पुढे उघड झाले. कंपनीच्या कौन्सिलशी खटके उडून कॉबलाही त्याच सुमारास मुंबई सोडावी लागली. भक्त असो की पाद्री, कंपनीच्या गैरमर्जीपुढे दोघांचीही पत सारखीच ठरली.

यावर कोणी म्हणेल, की ऑंजियर तर धार्मिक वृत्तीचा होता; चर्चला त्याने चांदीचा प्यालाही दिला होता. खरे आहे. पण एका माणसाची श्रद्धा त्याच्यामागे एक वर्षही काम रेटू शकली नाही, हीच संस्थेची परीक्षा. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा. १८११मध्ये वारलेला गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या स्मारकात हिंदू मुले त्याच्याजवळ दाखवली आहेत आणि बालहत्या थांबवल्याचे श्रेय त्याला दिले आहे. इथे धर्माची करुणा दिसत नाही का? करुणा दिसते, पण गौरव होतो तो कारभाऱ्याचा. भिंतींवरचे बाकीचे संगमरवरही बरेचसे कप्तान आणि अधिकाऱ्यांचे आहे, जणू कंपनीचे सेवापुस्तकच दगडात कोरले आहे. ज्यांना खरोखर धर्मप्रसार करायचा होता त्यांची कंपनीला धास्तीच वाटे. १८१३मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले तेव्हा त्यांना परत धाडण्याचे हुकूम निघाले होते. गव्हर्नर नेपियनने थोडे सबुरीने घेतले म्हणून ते राहिले, आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झाले. मराठी माणसापर्यंत शाळा आणि छापखाना घेऊन जाण्याचे काम अशा मिशनांनी केले. कोटातल्या चर्चने त्याचा कधी फारसा पत्कर घेतला नाही.

मुंबईला स्वतःचा बिशप मिळायलाही शतकाहून अधिक काळ जावा लागला. १८३३च्या ज्या कायद्याने कंपनीचा व्यापार संपवला, त्याच कायद्यात मुंबईच्या बिशपपदाची तरतूद होती. थॉमस कार १८३७मध्ये पहिला बिशप झाला, तेव्हा या चर्चचे कॅथेड्रल झाले.