धावपट्टीची आणेवारी

जमिनीला आकडा देण्याची विद्या आमच्या मुलुखाला नवी नाही. इ. स. १६१० मध्ये ज्या मलिक अंबराने खडकी वसविली, आणि जिचे पुढे औरंगाबाद व आज छत्रपती संभाजीनगर झाले, त्याच मलिक अंबराने जमिनीची प्रत पाहून सारा ठरविण्याची पद्धत दख्खनेत रुजविली. पुढील महसुली अंमलात सोळा आण्यांपैकी किती आणे पीक शिवारात उभे आहे हे सांगणारी आणेवारी आली, आणि आणा चलनातून गेल्यावर तिचीच पैसेवारी झाली. शेते पाहून काढलेली ही पैसेवारी पन्नासाच्या खाली उतरली म्हणजे गावाला टंचाईच्या सवलतींचा मार्ग मोकळा होतो, न उतरली तर होत नाही. तहसिलीच्या दप्तरातील त्या एका आकड्यावर किती चुली अवलंबून असतात हे मराठवाड्याच्या माणसाला निराळे सांगावयास नको. अशाच एका आणेवारीची कुळकथा येथे सांगावयाची आहे. मात्र ती शेताची नव्हे, तर चिकलठाण्याच्या विमानतळावरील धावपट्टीची आहे, आणि तिचे मूळ आमच्या काळ्या मातीत नसून उत्तरेकडील देशांच्या बर्फात आहे.

आषाढातील एखाद्या संध्याकाळी, ज्याच्या नावातच चिखलाचा ध्वनी आहे त्या चिकलठाण्यावर पाऊस पडत असताना मुंबईहून येणारे विमान उतरण्याच्या बेतात असेल, तर त्याच्या वैमानिकाला खालून धावपट्टीची जी खबर दिली जाते तिचे सार ‘पाच, पाच, पाच’ अशा तीन अंकांत मावते. सुमारे २,८०० मीटर लांबीच्या त्या पूर्व-पश्चिम धावपट्टीचे मनाने तीन समान भाग करावयाचे आणि प्रत्येक भागाला सहापासून शून्यापर्यंत एक प्रत द्यावयाची, अशी ही रीत आहे. कोरडी धावपट्टी सहा. ओली, पण ३ मिलिमीटरपर्यंतच पाणी असलेली, अथवा नुसते हिमकण जमलेली पाच. उणे १५ अंश किंवा त्याहून कडक थंडीत दाबून घट्ट झालेले हिम असलेली चार. तेच हिम त्याहून कमी थंडीत असेल, अथवा ओली धावपट्टी मुळातच निसरडी असेल, तर तीन. ३ मिलिमीटरहून अधिक पाणी किंवा अर्धवट वितळलेले चिखलट हिम साचले तर दोन. निखळ बर्फ असेल तर एक. आणि पाणी फिरलेला बर्फ असेल तर शून्य, ज्यावर उतरणे वर्ज्य होय. थंडी कमी झाली की प्रत उतरते, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटते. परंतु कडक थंडीतील हिम खरखरीत राहते आणि वितळणबिंदूच्या जवळ आलेल्या हिमावर पाण्याचा सूक्ष्म पापुद्रा धरून तेच तेलासारखे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या शिडीची प्रत्येक पायरी अनुभवाने घडविलेली आहे हे पटते.

हा अनुभव प्रथम ज्यांच्या वाट्याला आला ते देश वर्षातील कित्येक महिने हिमाखाली असणारे होते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत नॉर्वेमधील ऑस्लोच्या फोर्नेबू विमानतळावर कोलेरूड नावाच्या अधिकाऱ्याने मालमोटार धावपट्टीवर नेऊन, अकस्मात ब्रेक दाबून, तिचा वेग किती त्वरेने मंदावतो यावरून विमानाला मिळू शकणारी पकड अजमावण्याचा उपक्रम केला. कॅनडातही गाडीत बसविलेल्या मंदनमापकाने हेच काम चालले. स्वीडनने घर्षण मोजण्यासाठी खास चाके जोडलेली वाहने तयार केली. या मापांतून घर्षणाच्या गुणकाची पाच प्रतींत विभागणी झाली, ०.४० आणि वर ती ‘उत्तम’ व ०.२५ आणि खाली ती ‘निकृष्ट’, आणि हिमाची वर्दी देणाऱ्या ‘स्नोटॅम’ नावाच्या संदेशात धावपट्टीच्या तिन्ही भागांची प्रत वेगवेगळी लिहिण्याचा प्रघात पडला.

खबर चुकीची असली किंवा तिचा अर्थ उमगला नाही तर काय होते, याचे दुःखद प्रत्यंतर ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्यूनिखला आले. मँचेस्टर युनायटेडच्या फुटबॉल खेळाडूंना घेऊन निघालेले विमान तिसऱ्या प्रयत्नातही धावपट्टीवरून उठू शकले नाही आणि २३ जीव गेले. पंखांवरील बर्फ काढला नाही असा ठपका कॅप्टन जेम्स थेन यांच्यावर ठेवण्यात आला. वास्तविक धावपट्टीच्या टोकाकडील चिखलट हिमाने चाके धरून ठेवली होती, आणि ब्रिटिश चौकशीने १९६९ मध्ये त्यांना दोषमुक्त करीपर्यंत या मनुष्याची नोकरी गेलेली होती. उड्डाण असो वा अवतरण, हिमाचा तो थर किती जाड आहे याची खरी नोंद त्या दिवशी असती तर एका निरपराध्याचे आयुष्य उद्ध्वस्त झाले नसते, आणि कदाचित ते तेवीस जणही वाचले असते.

पुढे यंत्रे वाढली. परंतु यंत्रे वाढली म्हणून सत्य सापडलेच असे नव्हे. कॅनडातील नॉर्थ बे येथे १९९६ पासून अमेरिका व कॅनडा यांनी मिळून जे प्रदीर्घ प्रयोग केले, त्यांत एकाच धावपट्टीवर निरनिराळी घर्षणमापके निरनिराळे आकडे सांगतात, आणि त्यांतील कोणताही आकडा विमान प्रत्यक्षात किती अंतरात थांबेल याची हमी देत नाही, ही अडचण पुरती उघड झाली. ८ डिसेंबर २००५ च्या रात्री शिकागोच्या मिडवे विमानतळावर हिमवृष्टीत उतरणाऱ्या एका बोइंग ७३७ च्या वैमानिकांना धावपट्टीच्या पकडीविषयी ‘बरी’ आणि ‘निकृष्ट’ अशा संमिश्र खबरा मिळाल्या. विमान धावपट्टी ओलांडून, कुंपण तोडून हमरस्त्यावर गेले. विमानातील सर्वजण वाचले. रस्त्यावरील मोटारीत बसलेले सहा वर्षांचे एक मूल मात्र गेले.

त्या घटनेनंतर अमेरिकेत नेमलेल्या समितीने यंत्राच्या गुणकाला मुख्य मानणे सोडून दिले. धावपट्टीवर स्वतः जाऊन तेथे काय साचले आहे, किती जाडीचे आहे, किती भाग व्यापून आहे आणि तापमान काय आहे हे शिकविलेल्या डोळ्यांनी पाहावे, ते ठरलेल्या कोष्टकात बसवून प्रत काढावी, आणि उतरलेल्या वैमानिकाचा अनुभव निराळा असेल तर ती प्रत लगेच सुधारावी, असा नियम तिने घालून दिला. ही पद्धत अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१६ पासून आणि आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या ठरावाने ४ नोव्हेंबर २०२१ पासून जगभर सुरू झाली. अर्ध्या शतकाच्या यंत्रसाधनेनंतर विमानविद्या ज्या ठिकाणी आली, ते ठिकाण आमच्या महसूल खात्याला जुने परिचयाचे आहे: त्याला आम्ही ‘नजर अंदाज’ म्हणतो, आणि त्याची सुधारित व अंतिम रूपेही आमच्या दप्तरांत असतात.

मग ज्या गावी हिम कधी पडत नाही, तेथे या शिडीचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर शिडीतच आहे. ३ मिलिमीटरहून अधिक पाणी साचले की प्रत दोनवर येते, म्हणजे निखळ बर्फाच्या फक्त एक पायरी वर; आणि मराठवाड्यातील पावसाची एक जोरदार सर पाचापासून दोनापर्यंतचे हे अंतर थोड्या वेळात तोडू शकते. नासाच्या लँगली केंद्रातील वॉल्टर हॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की टायरमधील हवेचा दाब दर चौरस इंचाला पौंडांत घेऊन त्याच्या वर्गमूळाला नवाने गुणले म्हणजे जो वेग नॉटमध्ये येतो, त्या वेगाला साचलेल्या पाण्यावरून जाणारे चाक जमिनीचा स्पर्श सोडून पाण्यावर तरंगू लागते. दाब २०० पौंड धरला तर हा वेग १२७ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २३५ किलोमीटर भरतो. आणि मोठी प्रवासी विमाने साधारण याच वेगाच्या आसपास भूमीला टेकतात. तरंगणाऱ्या चाकाला ब्रेक काय करणार? आणि पाण्याची गोष्ट सोडली तरी गारा म्हणजे बर्फच; २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने मराठवाड्याची उभी पिके झोपविली, ते दिवस येथील शेतकरी विसरलेला नाही.

म्हणून थंड देशांनी निसरड्या धावपट्टीसाठी शोधलेले उपाय आमच्या पावसालाही लागू पडतात. पाणी वाहून जावे यासाठी धावपट्टीवर आडव्या खाचा पाडण्याची कल्पना ब्रिटनमध्ये १९५० च्या दशकात निघाली आणि १९६७ मध्ये वॉशिंग्टनच्या विमानतळावर गेली. सुमारे ६ मिलिमीटर रुंद व तितक्याच खोल या खाचा आमच्या शेतातील चरांचेच काम करतात. चाक घसरू लागताच ब्रेक क्षणभर सैल करणारे डनलॉपचे ‘मॅक्सारेट’ हे यंत्रही १९५० च्या दशकातलेच. वैमानिकाला शिकवण अशी की ओल्या धावपट्टीवर विमान अलगद तरंगत ठेवू नये. ठरलेल्या जागी निश्चयाने टेकवावे, म्हणजे चाके पाण्याचा थर भेदून जमिनीला भिडतात. लगेच पंखांवरील फळ्या उभ्या कराव्यात, इंजिनांचा झोत उलटा फिरवावा आणि मग ब्रेक धरावा. पावसात विमान उतरताना जो धक्का बसतो, तो पुष्कळदा या शिकवणीचाच असतो.

धावपट्टीवर आणि तिच्या टोकापाशी काय आहे हे खाली माहीत असणे आणि ते वर कळणे, यांचे मोल या शहराने जबर किंमत देऊन जाणले आहे. २६ एप्रिल १९९३ रोजी चिकलठाण्याहून उडालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या बोइंगची धडक धावपट्टीच्या टोकापलीकडील बीड रस्त्यावर कापसाच्या गठड्या नेणाऱ्या ट्रकला बसली, आणि ११८ पैकी ५५ जण मृत्युमुखी पडले. तेथे ना बर्फ होता ना पाणी. विमान उचलण्यास झालेला उशीर आणि विमानाच्या वेळी रस्त्यावरील वाहतुकीचा न झालेला बंदोबस्त, ही कारणे चौकशीत पुढे आली. शिकागोच्या त्या मोटारीची आणि बीड रस्त्यावरील त्या ट्रकची हकीकत मला नेहमी एकाच पानावर लिहिलेली वाटते.

आणेवारी फुगवून लिहिली तर उपासमारीला दप्तरात जागा मिळत नाही. धावपट्टीची प्रत फुगवून सांगितली तर वैमानिक नसलेल्या पकडीवर विसंबून उतरतो. म्हणून पावसाच्या रात्री गाडीतून धावपट्टीवर जाऊन, दिव्याच्या उजेडात पाण्याची जाडी पाहून, ‘पाच’ ऐवजी ‘दोन’ लिहिण्याची वेळ आली तर ते नि:शंकपणे लिहिणारा कर्मचारी हाच या कुळकथेचा खरा वारस आहे. त्याच्या त्या दोनामुळे विमान आकाशात अर्धा तास घिरट्या घालील किंवा मुंबईला परत जाईल, स्वागताला आलेली माणसे खोळंबतील, प्रवासी कुरकुरतील. आणि त्यांतील प्रत्येकजण घरी पोहोचेल.